शून्य विजय, शून्य पराभव

नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीए या आद्याक्षरांनी जगभर ओळखली जाणारी अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग, कागदोपत्री ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन जूनमध्ये संपते. परंतु चाहत्यांच्या मनात ती सर्वांत जोमाने खेळली जाते तो काळ नेमका उरलेला, म्हणजे जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा असतो, आणि या काळात हिशेबात धरला जाणारा एकही सामना होत नाही. झालेल्या हंगामांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, मात्र हंगाम येऊ घातलेला असतो त्या साडेतीन महिन्यांची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही. वास्तविक या लीगचे मर्म समजून घ्यायचे तर ते याच काळात घ्यावे, कारण तेव्हा चेंडू मध्ये येत नाही.

लीगमध्ये ३० संघ आहेत. त्यांपैकी २९ अमेरिकेतील आणि एक कॅनडातील टोरोंटोचा. प्रत्येक संघ साखळी फेरीत ८२ सामने खेळतो, त्यामुळे एकंदर १,२३० सामने होतात, आणि सहा महिने चालणाऱ्या या खटाटोपातून ३० पैकी अवघे १४ संघ वगळले जातात. उरलेले १६ संघ बाद फेरीत, म्हणजे तिकडे ज्याला प्लेऑफ म्हणतात त्या टप्प्यात जातात, जिथे दोघांपैकी एकाचे चार विजय होईपर्यंत तीच जोडी पुनःपुन्हा झुंजत राहते. एवढे संघ पात्र ठरूनही कोणाचे मन दुखावले जाऊ नये या काळजीने लीगने अलीकडे आपापल्या विभागात नववा-दहावा क्रमांक मिळवणाऱ्यांसाठीही प्ले-इन नावाची एक फेरपरीक्षा ठेवली आहे. या सगळ्याच्या आधी मात्र काही दिवस असे असतात, की गुणतक्त्यात तीसही संघांपुढे शून्य विजय आणि शून्य पराभव लिहिलेले असते. १८ अजिंक्यपदे पटकावणारा बॉस्टन सेल्टिक्स आणि १९५१ साली, तेही रोचेस्टर या दुसऱ्याच गावी दुसऱ्याच नावाने खेळत असताना मिळवलेल्या एकुलत्या एका अजिंक्यपदाच्या पुण्याईवर दिवस काढणारा सॅक्रामेंटो किंग्ज हे त्या दिवसांत एकमेकांच्या बरोबरीचे असतात. इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेल्या तक्त्यात पूर्व विभागात अटलांटा पहिला आणि वॉशिंग्टन शेवटचा येतो. २०२४-२५ चा हंगाम संपला तेव्हाही वॉशिंग्टन त्याच जागी होता, त्यामुळे वर्णानुक्रमाला भाकीत म्हणून अगदीच किंमत नाही असे म्हणवत नाही.

या शून्याची किंमत लीगच्या चालकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. ६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्क येथे बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका या नावाने स्थापन झालेल्या आणि १९४९ मध्ये एका प्रतिस्पर्धी लीगला पोटात घेऊन आजचे नाव धारण करणाऱ्या या संघटनेचा पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरोंटोत झाला. ते शहर आइस हॉकीचे. तेथील लोकांना या खेळाकडे वळवायचे कसे, या विवंचनेतून टोरोंटो हस्कीज संघाने अशी जाहिरात दिली, की संघातील सर्वांत उंच खेळाडू जॉर्ज नोस्ट्रँड याच्याहून, म्हणजे ६ फूट ८ इंचांहून, जो उंच असेल त्याला सामना फुकट पाहता येईल. संघाच्या तिजोरीला या औदार्याची झळ फारशी बसली नसावी. सामना न्यूयॉर्कने ६८-६६ असा जिंकला आणि हस्कीज संघ त्या एकाच हंगामानंतर बंद पडला. ऑक्टोबरअखेरपर्यंत तो अजिंक्य होता, हे मात्र इतिहासाला नाकारता येणार नाही.

तेव्हापासून आजतागायत लीगचा मुख्य धंदा आशेचा राहिला आहे, आणि बास्केटबॉल हे त्या धंद्यातले जोडउत्पादन होय. आशेचे हे उत्पादन योगायोगावर सोडलेले नसून त्यासाठी रीतसर नियम आहेत, आणि त्यांतील सर्वांत थोर नियम ड्राफ्टचा. ड्राफ्ट म्हणजे महाविद्यालयांतून आणि परदेशांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची दर जूनमध्ये होणारी वाटणी. तिच्यात आधीच्या हंगामात ज्यांची दैना झाली त्यांना निवडीचा मान आधी मिळतो. नियम दयाबुद्धीने केलेला असला तरी त्यातून निघणारा निष्कर्ष कोणत्याही हुशार व्यवस्थापकाच्या लक्षात यायला वेळ लागत नाही: हरायचेच असेल तर नीट मन लावून हरावे. या प्रकाराला तिकडे टँकिंग म्हणतात. त्याला आळा बसावा म्हणून १९८५ मध्ये सोडत सुरू करण्यात आली. पहिल्या सोडतीत सात पाकिटे होती, त्यांतून न्यूयॉर्कचे पाकीट निघाले आणि पॅट्रिक युइंग हा त्या वर्षीचा सर्वांत नावाजलेला खेळाडू देशातल्या सर्वांत मोठ्या शहराला मिळाला. ते पाकीट ओळखू यावे म्हणून आधी बर्फात ठेवून गार केले होते, अशी कंडी जी पिकली ती चाळीस वर्षे झाली तरी विरलेली नाही. पुढे पाकिटांच्या जागी १ ते १४ क्रमांकांचे चेंडू आले, ज्यांतून चार काढले असता १,००१ वेगवेगळे गट संभवतात. त्यांपैकी १,००० गट बाद फेरीला मुकलेल्या १४ संघांत वाटले जातात, आणि जो एक उरतो तो निघालाच तर सोडत पुन्हा काढली जाते. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची संधी समसमान, म्हणजे १४ टक्के, ठेवलेली आहे, जेणेकरून कोणी उगाचच शेवटून पहिला येण्याची शर्थ करू नये.

मन लावून हरण्याचा सर्वांत तत्त्वनिष्ठ प्रयोग फिलाडेल्फियात झाला. सॅम हिंकी हे २०१३ मध्ये तेथील सेव्हंटीसिक्सर्स संघाचे सूत्रधार झाले आणि त्यांनी चांगले खेळाडू देऊन भविष्यातले ड्राफ्टचे हक्क जमवण्याचा सपाटा लावला. पुढच्या तीन हंगामांत संघाने अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले, म्हणजे २४६ पैकी ४७. नवलाची गोष्ट पराभवांची नव्हे, तर त्या काळात प्रेक्षकांनी ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ अशा अर्थाची घोषणा देण्यास सुरुवात केली ही होय. आपला संघ हरत नसून हरण्याचा कार्यक्रम राबवतो आहे, असा दिलासा जगातल्या फार थोड्या चाहत्यांना मिळाला असेल. एप्रिल २०१६ मध्ये हिंकी यांनी तेरा पानी पत्र लिहून राजीनामा दिला, ज्यात अब्राहम लिंकन आणि वॉरन बफे यांच्याबरोबरच न्यूझीलंडमधून नामशेष झालेल्या, उडता न येणाऱ्या मोआ पक्ष्याचाही उल्लेख आहे. इतक्या विद्वत्तेने हरलेला संघ बास्केटबॉलमध्ये दुसरा नसावा. डेट्रॉइट पिस्टन्सला २०२३-२४ मध्ये अशी काही तात्त्विक बैठक नव्हती. त्यांनी नुसतेच सलग २८ सामने गमावले, हंगामाअखेर सर्वांच्या तळाशी राहिले आणि सोडतीत पाचव्या क्रमांकावर फेकले गेले. उलट डॅलस मॅव्हरिक्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये लुका डॉन्चिच हा आपला पंचविशीतला तारा लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला, तेव्हा मध्यरात्री आलेली ती बातमी वाचून बातमीदाराचे खातेच कोणी हॅक केले असावे असे अनेकांना वाटले. चाहत्यांनी निषेध केला, मोर्चे काढले, आणि मे महिन्यात १.८ टक्के एवढीच शक्यता असताना सोडतीत पहिला क्रमांक त्याच डॅलसला लागून कूपर फ्लॅग हा खेळाडू त्यांच्या पदरात पडला. बर्फात ठेवलेल्या पाकिटाची आठवण त्या रात्री अनेकांना झाली.

ड्राफ्ट आटोपतो तोच जूनअखेर मुक्त खेळाडूंचा बाजार उघडतो. मुक्त खेळाडू म्हणजे ज्याचा करार संपला आहे आणि जो कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो असा. येथे लीगने एक मोठी मौजेची सोय केली आहे: बोलणी आधी होतात, पण बहुतेक करारांवर सह्या काही दिवसांनंतर, आता साधारण ६ जुलैला, करता येतात, मधला काळ हा निव्वळ शब्दावर विसंबण्याचा. २०१५ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सचा डीआंद्रे जॉर्डन याने डॅलसला असाच शब्द दिला आणि मग त्याचे मन द्विधा झाले. ही कुणकुण लागताच क्लिपर्सचे प्रशिक्षक, मालक आणि सहकारी खेळाडू जिथे होते तिथून त्याच्या ह्यूस्टन येथील घराकडे धावले, आणि त्या धावपळीची माहिती त्यांनी समाजमाध्यमांवर चित्रचिन्हांतून जगाला पुरवली: कोणी विमानाचे चिन्ह टाकले, कोणी मोटारीचे, ब्लेक ग्रिफिनने विमान, हेलिकॉप्टर आणि मोटार अशी सगळी वाहने ओळीने मांडली, तर सदतिशी गाठलेल्या पॉल पियर्सने रॉकेट निवडले, पण ते चिन्ह टंकण्याऐवजी त्याचे चित्र जोडल्यामुळे त्याचे वयही जगजाहीर झाले. त्यानंतर ग्रिफिनने दाराच्या मुठीखाली खुर्ची अडकवून दार बंद केल्याचे छायाचित्र टाकले. सह्यांची मुदत सुरू होईपर्यंत पाहुणे घरातच ठाण मांडून होते आणि ती सुरू होताच जॉर्डनने क्लिपर्सच्या करारावर सही केली. विश्वासदर्शक ठरावाच्या आदल्या रात्री आमदार हॉटेलात कसे सांभाळले जातात हे ज्यांनी दूरचित्रवाणीवर डोळे भरून पाहिले आहे, त्या महाराष्ट्रातील वाचकांना या प्रसंगात बास्केटबॉलचे काही कळण्याची गरज भासणार नाही.

बाजार म्हटला की पैसा आला आणि पैसा आला की मर्यादा आली. प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा असते, जी २०२५-२६ साठी १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर होती. ‘कमाल’ या शब्दावरून कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे, की ही मर्यादा ओलांडण्यास अनेक सवलतींनी परवानगी आहे. तिच्यावर आणखी एक रेषा आहे जी ओलांडली असता चैनकर भरावा लागतो, तिच्यावर पहिला एप्रन नावाची आणि त्याहीवर दुसरा एप्रन नावाची रेषा आहे. ही शेवटची, त्याच हंगामात २० कोटी ७८ लाख २४ हजार डॉलरवर असलेली रेषा ओलांडणाऱ्या संघाला खेळाडूंच्या अदलाबदलीत एकाहून अधिक पगार एकत्र करता येत नाहीत, सोबत रोकड देता येत नाही आणि सात वर्षांनंतरचा आपला पहिल्या फेरीचा ड्राफ्ट-हक्क कोणाला विकता येत नाही. या तरतुदींचा परिणाम असा झाला आहे, की पूर्वी उन्हाळाभर कोण किती उंच उडी मारतो यावर वाद घालणारा सामान्य चाहता आता ताळेबंदावर वाद घालतो, आणि एखादा नामांकित खेळाडू सोडून द्यावा लागला तर त्या दुःखात करसल्लागाराची भाषा बोलतो.

सात वर्षांनंतरच्या हक्काबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण हंगामपूर्व व्यवहारांतले हे सर्वांत अद्भुत चलन होय. नियमानुसार संघाला पुढील सात वर्षांपर्यंतचे ड्राफ्ट-हक्क अदलाबदलीत देता येतात, आणि खेळाडू साधारणपणे एकोणिसाव्या वर्षी ड्राफ्टला पात्र होतो. म्हणजे आज ज्याचा सौदा होतो तो मुलगा सध्या बारा वर्षांचा असून सहावीच्या वर्गात बसलेला असतो. आपल्यासाठी दोन मोठी शहरे एकमेकांशी घासाघीस करत आहेत याची त्याला गंधवार्ता नसते. किंबहुना तो बास्केटबॉल खेळतो की नाही हेही नक्की नसते. बाजारात तुरी या म्हणीतला व्यवहार याहून पुष्कळ सावध म्हटला पाहिजे, कारण तिथे तुरी निदान बाजारात तरी आलेल्या असतात. या हक्कांना संरक्षणही जोडलेले असते, म्हणजे ‘हक्क पहिल्या दहांत आला तर आमचा, त्यापुढे गेला तर तुमचा’ अशा अटी. अशा अटींचे वर्षानुवर्षे साचलेले जाळे उलगडून सांगू शकणारी माणसे प्रत्येक शहरात दोन-चार असतात आणि त्यांना लग्नसमारंभात टाळले जाते. या बाबतीत एक मर्यादाही आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी आपल्या संघाचे पहिल्या फेरीचे हक्क असे काही उधळले, की लागोपाठच्या दोन भावी वर्षांचे हक्क देण्यास लीगने बंदीच केली. या नियमाला आजही स्टेपियन नियम म्हणतात. स्वतःच्या नावाने नियम व्हावा हे भाग्य बहुतेकांना काहीतरी चांगले केल्यावर मिळते.

ऑगस्टमध्ये वेळापत्रक जाहीर होते आणि चाहते मोठ्या सामन्यांच्या तारखांभोवती गोल काढतात. तारखेला खेळाडू मैदानात उतरेलच असे मात्र नसते, कारण ८२ सामन्यांच्या दगदगीतून चांगले खेळाडू बाद फेरीपर्यंत शाबूत राहावेत म्हणून त्यांना अधूनमधून बसवून ठेवण्याची प्रथा आहे, जिला भारनियोजन असे भारदस्त नाव मिळाले आहे. सॅन अँटोनियो स्पर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच या कलेचे आद्य उपासक. २५ मार्च २०१२ च्या सामन्याच्या अधिकृत पत्रकात टिम डंकन न खेळण्याचे कारण दुखापत किंवा आजारपण असे न देता एका शब्दात ‘म्हातारा’ असे नोंदवलेले होते; डंकन तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायामीविरुद्धच्या, देशभर दाखवल्या जाणाऱ्या सामन्याआधी पॉपोविच यांनी डंकनसह चार प्रमुख खेळाडूंना विमानाने घरी धाडले, तेव्हा लीगने संघाला अडीच लाख डॉलरचा दंड केला. उरलेल्या राखीव खेळाडूंनी तो सामना अवघ्या पाच गुणांनी गमावला, त्यामुळे नक्की कोणाची अब्रू गेली हा प्रश्न खुलाच राहिला. आता महत्त्वाचे पुरस्कार हवे असतील तर निदान ६५ सामने खेळण्याची अट २०२३ पासून घातली आहे. शाळेच्या हजेरीपटावरील ७५ टक्क्यांच्या नियमाहून ती थोडी कडकच आहे.

सप्टेंबरअखेर उजाडणारा माध्यम दिन हा या पर्वाचा कळस. त्या दिवशी प्रत्येक संघाचे खेळाडू गणवेश घालून छायाचित्रांसाठी उभे राहतात आणि वार्ताहरांच्या प्रश्नांना उत्तरे देतात, जी उत्तरे आधीच्या वर्षीच्या कात्रणांवरूनही लिहून काढता आली असती. शरीर आयुष्यात कधी नव्हते इतके तंदुरुस्त आहे, उन्हाळ्यात पंधरा पौंड स्नायू वाढवले आहेत, किंवा स्थूलपणाचा आरोप असेल तर पंधरा पौंड उतरवले आहेत, नव्या सहकाऱ्यांशी सूर जुळला आहे, आणि गेल्या वर्षीचे सगळे विसरून आम्ही एकेका सामन्याचा विचार करणार आहोत. ज्यांची लांबून फेक कच्ची असते त्यांच्या रिकाम्या व्यायामशाळेतील चित्रफिती जुलैपासूनच फिरू लागतात. फिलाडेल्फियाचा बेन सिमन्स हा दर उन्हाळ्यात अशा चित्रफितींत तीन गुणांची फेक, म्हणजे बास्केटपासून दूर आखलेल्या कमानीबाहेरून केलेली फेक, एकामागून एक साधत असे. साखळी सामन्यात अशी त्याची पहिली यशस्वी फेक व्हायला मात्र नोव्हेंबर २०१९, म्हणजे त्याचा तिसरा हंगाम, उजाडावा लागला. या गांभीर्याची यथार्थ किंमत केली ती जिमी बटलरने. माध्यम दिनाचे छायाचित्र हंगामभर सर्व प्रक्षेपणांत वापरले जाते हे हेरून तो २०२२ मध्ये लांबलचक जटा लावून आला आणि २०२३ मध्ये सरळ केलेले केस एका डोळ्यावर ओढून, ओठात आणि भुवईत कड्या अडकवून, चेहऱ्यावर जगाचे दुःख घेऊन कॅमेऱ्यासमोर बसला. तो अवतार त्याने नंतर उतरवला; प्रक्षेपण करणाऱ्यांना तो उतरवता आला नाही.

याच सुमारास उंचीही जाहीर होते. ज्या धंद्यात माणसे उंचीवर निवडली जातात तिथे ती मोजण्यात काटेकोरपणा असेल अशी अपेक्षा वाजवी आहे, परंतु २०१९ पर्यंत संघ ती बुटांसह, बुटांशिवाय किंवा खेळाडूच्या इच्छेनुसार सांगत असत. त्या वर्षी लीगने अनवाणी मोजून प्रमाणित उंची कळवण्याचा फतवा काढला आणि एका आठवड्यात लीगमधील पुष्कळ माणसे आखडली: जे. जे. बरेया ६ फुटांवरून ५ फूट १० इंचांवर आला, ड्रेमंड ग्रीनचाही एक इंच गेला. केविन ड्युरँट मात्र एका इंचाने वाढून ६ फूट १० इंच भरला, कारण फार उंच भरल्यास बास्केटखाली उभे राहून धक्काबुक्की करण्याचे काम गळ्यात पडते आणि म्हणून काही उंच माणसे आपली उंची चोरतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सराव सामने होतात, ज्यांत प्रमुख खेळाडू पहिल्या अर्ध्यात घाम येईपर्यंत धावतात आणि नंतर टॉवेल गळ्यात टाकून बसतात. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हे. दुसऱ्या अर्ध्यात मैदानावर दिसणारे तरुण बहुधा एक्झिबिट १० नावाच्या परिशिष्टाने बांधलेले असतात. या करारात पगाराची हमी नसते, पण संघाने काढून टाकल्यावर त्याच संघाच्या जी लीगमधील, म्हणजे दुय्यम लीगमधील, शाखेत जाऊन साठ दिवस टिकले तर बोनस मिळतो. शिबिरात २१ जणांना ठेवता येते, हंगाम सुरू होताना मुख्य यादीत १५ आणि दोन्हीकडे खेळणारे तीन एवढेच उरतात, त्यामुळे काही करार सकाळी होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मोडतात. तेवढ्यातही त्या तरुणाच्या नावाचा गणवेश शिवला जातो. या सामन्यांतली सर्वांत कळकळीची धाव त्याचीच असते, आणि ती धाव ज्याने पाहावी तो प्रशिक्षक नेमका त्या वेळी टॉवेलवाल्यांशी बोलत असतो.

असेच दोन सराव सामने ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात झाले. किंग्जचे सूत्रधार विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे त्यांच्या संघाने इथे यावे हे ओघानेच आले. पहिल्या सामन्याला शाळकरी मुले बोलावलेली होती. कोण कोणाच्या बाजूचे आहे याची फिकीर न करता प्रत्येक बास्केटला सारखाच गलका करणारा असा निःपक्षपाती प्रेक्षक या खेळाडूंना मायदेशी क्वचितच लाभला असेल. निर्धारित वेळेत गुण समान झाल्याने, ज्याचा निकाल कुठेही धरला जाणार नव्हता अशा त्या सामन्यासाठी पाच मिनिटांचा जादा वेळ खेळवण्यात आला आणि पेसर्सने तो १३२-१३१ असा जिंकला. एरवी महाराष्ट्रातील चाहत्याला हा खेळ काकडआरतीच्या वेळीच पाहावा लागतो: न्यूयॉर्कला संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना इथे ऑक्टोबरमध्ये पहाटे पाच वाजता असतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे मागे सरकली, की सहा वाजता. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने ऐन कचेरीच्या वेळेला सुरू होतात, आणि त्यांचा शेवट लोकलमध्ये दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिला जातो.

आता राहिली भाकिते. लीगच्या संकेतस्थळावर दरवर्षी संघांच्या व्यवस्थापकांचा कौल छापला जातो, ज्यात स्वतःच्या संघाला मत देता येत नाही. ही अट नसती तर निकाल काय लागला असता हे उघड आहे. २०२४ मध्ये बहुसंख्य जाणकारांनी बॉस्टनला पसंती दिली आणि ओक्लाहोमा सिटी थंडर विजेता ठरला. २०१९ ते २०२५ या सात हंगामांत टोरोंटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बॉस्टन आणि ओक्लाहोमा सिटी असे सात वेगवेगळे विजेते झाले, तरी भाकितकारांचा आत्मविश्वास उणावलेला नाही. सराव सामन्यांवरून काहीही ठरवू नये असे ते दरवर्षी बजावतात. २०१२ मध्ये ड्वाइट हॉवर्ड आणि स्टीव्ह नॅश यांना आणून लेकर्सने सर्वांना धाकात घेतले होते. त्यांनी आठही सराव सामने गमावले तेव्हा जाणकारांनी हेच बजावले, पाच साखळी सामन्यांनंतर प्रशिक्षकांना नारळ मिळाला, आणि बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात स्पर्सने त्यांना सलग चार सामन्यांत घरी पाठवले.

अर्थात ज्यांतली आशा याहूनही लवकर मावळली असे हंगामही झाले आहेत. फिनिक्स सन्सने २०१७-१८ ची सुरुवात १८ ऑक्टोबर रोजी पोर्टलंडकडून १२४-७६ असा मार खाऊन केली, त्यानंतरचे दोन सामनेही गमावले, आणि २२ ऑक्टोबरला प्रमुख खेळाडू एरिक ब्लेडसो याने आपल्याला इथे राहायचे नाही अशा अर्थाचे एक वाक्य समाजमाध्यमावर टाकले. विचारणा झाली तेव्हा, आपण केशकर्तनालयात बसलो होतो आणि ते वाक्य त्या जागेबद्दल होते, असा खुलासा त्याने केला. त्याला दंड झाला, वाक्य टाकले त्याच दिवशी प्रशिक्षक अर्ल वॉटसन यांची गच्छंती झाली, आणि २१ विजयांनिशी फिनिक्स लीगच्या तळाशी राहिला. मग सोडतीत पहिला क्रमांक त्यांना लागला. डॉन्चिच उपलब्ध असताना त्यांनी डिआंद्रे एटनला निवडले, उन्हाळाभर शहरात नव्या युगाच्या गोष्टी झाल्या, हंगामाला नऊ दिवस उरले असताना त्यांनी ही निवड करणाऱ्या व्यवस्थापकांनाही काढून टाकले, आणि १७ ऑक्टोबर २०१८ रोजी सलामीला डॉन्चिचच्याच डॅलसचा १२१-१०० असा फडशा पाडला. उरलेल्या ८१ सामन्यांपैकी त्यांनी १८ जिंकले.